घरी पीसीबी बनवल्यावर उरलेल्या फेरिक क्लोराईडचं काय करायचं? (इंदूर)

सुदामानगरकर
नमस्कार मंडळी. घरी सर्किट बोर्ड बनवणारे इथे बरेच आहेत हे जुन्या धाग्यांवरून माहीत आहे. पण तिथली सगळी चर्चा सर्किटचा नकाशा छापलेला प्रिंटरचा टोनर तांब्यावर नीट उतरत नाही, इस्त्री किती गरम हवी, कागद कुठला, यावरच संपते. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. फेरिक क्लोराईडमध्ये बुडवून नको असलेलं तांबं काढलं, बोर्ड झाला, भोकं पाडून झाली, सर्किट चालूही झालं. ट्रेमध्ये उरलेलं ते काळपट पाणी टाकायचं कुठे?

गच्चीवरच्या खोलीत वापरलेल्या द्रावणाचे दोन कॅन साठलेत. नवं असताना विटकरी-तपकिरी होतं, आता शेवाळी झालंय, आणि ट्रे कितीही हलवत बसलं तरी कडेचं तांबं सुटत नाही. महाराणी रोडच्या एका दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, "नाली में डाल दो भिया, सब यही करते हैं." सगळे तेच करतात म्हणूनच विचारतोय. कचऱ्याच्या गाडीवरच्या मुलाने कॅन बघितला आणि पातळ काही घेत नाही म्हणाला. त्याचंही बरोबर आहे, सांडलं तर गाडीचा पत्रा खाऊन टाकेल.

नेटवर तीन सल्ले मिळाले: भरपूर पाणी घालून मोरीत ओता, धुण्याचा सोडा घालून मग टाका, खड्डा खणून पुरा. यातलं खरं काय? केलेल्यांनीच सांगावं. "चीनहून बोर्ड मागवा" म्हणणाऱ्यांना आगाऊ धन्यवाद.

शेव_परमल
चीनहून बोर्ड मागवा. (हलके घ्या)

खटपट्या
मी बादलीभर पाण्यात घालून संडासात ओततो, वर दोनदा फ्लश. आजवर काही झालेलं नाही. उलट फेरिक क्लोराईड सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात मुद्दाम घालतात, गाळ खाली बसवायला. आमचं कबीटखेडीच्या केंद्रात पोचलं तर त्यांचा तेवढाच खर्च वाचतो :)

चष्मेबहाद्दर
वाखुसा (वाचनखूण साठवली). माझ्याकडेही एक बरणी पलंगाखाली आहे.

परीक्षानळी
चष्मेबहाद्दर, ती आधी पलंगाखालून काढा. त्याच्या वाफेनेसुद्धा आसपासचं लोखंड गंजतं.

खटपट्या, तुमचं अर्धं बरोबर आहे. केंद्रात घालतात ते लोखंडाचं क्षार, तुम्ही ओतता त्यात तांबं आहे. बोर्ड खोदला जातो, म्हणजे नको असलेलं तांबं विरघळतं, तेव्हा फेरिक क्लोराईड तांब्याला क्लोराईड देऊन स्वतः फेरस क्लोराईड होतं. बोर्डावरून गेलेलं तांबं नाहीसं होत नाही, ते सगळं कॉपर क्लोराईड होऊन त्या पाण्यातच बसतं.

हिशेब करून बघा. नेहमीच्या बोर्डावर तांब्याचा थर ३५ मायक्रॉनचा असतो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण ०.०३१ ग्रॅम. दहा बाय पंधरा सेंटिमीटरचा एकतर्फी बोर्ड घेतला आणि त्यातला सत्तर टक्के भाग खोदला, तर सव्वातीन ग्रॅम तांबं द्रावणात उतरलं. पर्यावरण संरक्षण नियमांप्रमाणे कारखान्यांना सार्वजनिक गटारात सोडायच्या पाण्यात तांब्याची मर्यादा लिटरला ३ मिलिग्रॅम आहे. तितकं पातळ करायला एका बोर्डामागे गच्चीवरची हजार लिटरची टाकी रिकामी करावी लागेल, आणि तरी ते मर्यादेच्या वरच राहील. तुमची बादली आणि दोन फ्लश त्यात कुठे बसतात? शिवाय कितीही पाणी ओतलं तरी तांबं तेवढंच राहतं.

शुद्धीकरण केंद्रात घाण खाणारे जिवाणू असतात आणि तांबं त्यांना मारक आहे. गावाबाहेरच्या ज्या कॉलन्यांत सेप्टिक टँक आहेत तिथे तर परिणाम थेट घरच्या टाकीवर. आणि जे निसटतं ते कान्ह नदीत, तिथून क्षिप्रेत. मासे आणि पाण्यातले बारीक जीव माणसाच्या मानाने फारच थोड्या तांब्याने मरतात.

शेव_परमल
म्हणजे २०२८च्या उज्जैनच्या सिंहस्थात खटपट्यांच्या बोर्डाचं तांबं अंगावर घेऊन पुण्य मिळणार.

माळवी_मावशी
मला त्या बोर्डातलं काही कळत नाही, पण एक विचारते. आमच्याकडे अजून तांब्याच्या हंड्यात रात्री पाणी भरून ठेवतात, सकाळी पितात. डॉक्टरसुद्धा चांगलं म्हणतात. मग तांबं वाईट कसं?

परीक्षानळी
मावशी, हंड्यातून पाण्यात उतरतं ते अगदी किंचित, आणि शरीराला तेवढं लागतंही. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात लिटरला २ मिलिग्रॅमपर्यंत चालेल म्हटलंय. सुदामानगरकरांच्या कॅनमध्ये ते लिटरला चाळीस-पन्नास ग्रॅम असू शकतं. तेवढ्यावर आलं की द्रावण मंदावतं, म्हणून त्यांच्या कडा सुटत नाहीयेत. बाकी हंड्यात ताक किंवा लिंबू सरबत मात्र ठेवू नका.

माळवी_मावशी
ते माहीत आहे गं, ताक कळकतं. कल्हईवाला यायचा तेव्हा आमच्या सासूबाई आधी तीच भांडी बाहेर काढायच्या.

खटपट्या
बरं, संडास रद्द. पण मग शेतकरी मोरचूद फवारतात त्याचं काय? तेही तांबंच ना? द्राक्षाच्या बागांवर उघड्यावर मारतात, मग मी कॅन घरामागच्या मोकळ्या प्लॉटमध्ये ओतला तर एवढा गहजब का?

निफाडची_लेक
सासर इंदूर, माहेर निफाड, त्यामुळे इथे बोलायचा माझा हक्क आहे.

खटपट्या, मोरचूद नुसतं कोणी फवारत नाही, पानं जळतील. त्यात चुना घालून बोर्डो करतात. एक टक्क्याच्या बोर्डोला शंभर लिटर पाण्यात एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना. मोरचुदात पाव हिस्सा तांबं, म्हणजे शंभर लिटरमध्ये अडीचशे ग्रॅम. वर परीक्षानळीताईंनी दिलेला आकडा धरला तर तुमच्या एका लिटरमध्ये वीस लिटर बोर्डोइतकं तांबं आहे. आम्ही ते वेलींच्या रांगाच्या रांगांवर धुक्यासारखं मारतो, तुम्ही हातभर जागेत ओतणार, तेही आंबट द्रावण, चुन्याशिवाय. आणि वर्षानुवर्षं फवारलेल्या बागांच्या मातीत तांबं साठतंच. जगभरच्या जुन्या द्राक्षबागांत हीच तक्रार आहे. म्हणजे आमचं उदाहरण तुमच्या बाजूने जात नाही.

पण एक कामाची गोष्ट सांगते. बोर्डो तयार झाला की बाबा त्यात लोखंडी विळ्याचं पातं बुडवायचे. काढल्यावर पात्यावर तांबूस पुट दिसलं की म्हणायचे, "चुना कमी पडलाय, अजून घाल." पातं जसंच्या तसं निघालं की मिश्रण फवारायला तयार. मला वाटतं तुमच्या कॅनलाही हीच परीक्षा लागू पडेल. ताई, बरोबर आहे का?

परीक्षानळी
शंभर टक्के बरोबर. विरघळलेलं तांबं शिल्लक असेल तर ते लोखंडावर चढतं, चुन्याने खाली बसलं असेल तर चढत नाही. आमच्या प्रयोगशाळेत याला मोठं नाव होतं, बाबांचा विळा जास्त आवडला.

भंगारप्रेमी
मग त्याच तत्त्वावर सगळं तांबं काढूनच का घेऊ नये? भांडी घासायचा लोखंडी काथ्या टाकायचा, तांबं त्याच्यावर बसेल, गाळून सियागंजला विकायचं.

परीक्षानळी
होतं, पण काथ्या पुरणार नाही. द्रावणात न वापरलेलं फेरिक शिल्लक असतं, ते आधी लोखंड खाऊन फेरस होतं आणि मग तांब्याची पाळी येते. हाती लागते ती तपकिरी पूड, तीही लिटरमागे फार तर पन्नास ग्रॅम. वास, ऊष्णता आणि थोडा हायड्रोजन हे वर. केलंच तर उघड्यावर, झाकण न लावता. आणि उरलेलं फेरसचं आंबट पाणी तरीही सोडा घालून मारावं लागतंच, मग सरळ सोडाच का नाही?

एक मात्र कुणी करू नये. लोखंडाऐवजी ॲल्युमिनियम. विद्यार्थी दरवर्षी कुठून तरी ही आयडिया घेऊन येत. फॉइल टाकली की क्षणभर काही होत नाही, मग एकदम उकळी फुटते आणि गरम ऍसिडचे शिंतोडे बाहेर.

टोनरवीर
मी फेरिक सोडून दिलंय. संडास धुवायचं ऍसिड आणि हायड्रोजन पेरॉक्साईड. पाण्यासारखं स्वच्छ, बोर्ड दिसत राहतो, डाग नाहीत, झटपट काम. सगळ्यांनी याच्यावर यावं.

खटपट्या
आणि बाटली?

टोनरवीर
बाटलीचं काय?

खटपट्या
माझ्या एका मित्राने वापरलेलं हेच द्रावण कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून झाकण घट्ट लावलं. सकाळी बाटलीचा बुड बाहेर आला होता आणि ती आपोआप उभी राहत नव्हती. गच्चीवर नेऊन लांबून काठीने झाकण सैल केलं. मी बेफिकीर असेन, पण ते बघून माझाही घाम निघाला.

परीक्षानळी
पेरॉक्साईड फुटत राहतो आणि ऑक्सिजन सुटतो, म्हणून पेरॉक्साईडचं किंवा परसल्फेटचं (तेही खोदायला वापरतात) वापरलेलं द्रावण कधीही हवाबंद करू नये. पेरॉक्साईड दाट घातला तर ऍसिडातून क्लोरीनही निघतो. टोनरवीर, वापरा, पण खिडकी उघडी ठेवा. त्याच्या बाजूने एक बोलते: त्यातून तयार होणारं कॉपर क्लोराईड स्वतःच खोदतं. हवेचे बुडबुडे सोडत राहिलं आणि लागेल तसं थोडं ऍसिड घातलं की तेच द्रावण पुन्हा ताजं होतं. फिशटँकचा पंप त्याला पुरतो. टाकायचं द्रावण कमी करण्याचा त्याहून चांगला मार्ग मला घरगुती पातळीवर माहीत नाही. फक्त तांबं वाढत जातं, म्हणजे कधी ना कधी तुम्हीही याच धाग्यावर येणार.

आणि कोल्ड्रिंकच्या बाटलीत कुठलंच द्रावण नको. घरात लहान मूल असो वा पाहुणा, उन्हाळ्यात तहानलेला माणूस वास घेत नाही.

माळवी_मावशी
हे मात्र सगळ्यांनी ऐका. आमच्या शेजारी फिनेल तसंच ठेवलेलं असतं.

शेव_परमल
लिंबाचं फूल, मीठ आणि पेरॉक्साईड यानेही खोदता येतं म्हणे. पाणीपुरीवाल्याकडे सगळं सामान तयार.

टोनरवीर
येतं, पण सावकाश. आणि तांबं त्याच्यातही तेवढंच उतरतं, लिंबू नाव घेतलं म्हणून ते सरबत होत नाही.

घाटाखालचा
दिवसभर गंमत बघतोय. एक लिटरवर एवढी चर्चा, आणि इथे कारखाने रात्री काय काय सोडतात ते कुणाला दिसत नाही. घरगुती माणसाने विळे बुडवत बसायचं आणि मोठ्यांनी नाल्यात टँकर रिकामे करायचे. सोडा हो, ओता आणि झोपा.

पिथमपूरवाला
घाटाखालचा, मोठ्यांबद्दलचा राग समजतो, पण पुढचं मात्र पटलं नाही. मी पिथमपूरला राहतो. भोपाळच्या युनियन कार्बाईडचा ३३७ टन कचरा जानेवारी २०२५ मध्ये बारा कंटेनर भरून आमच्याकडे आला. गाव रस्त्यावर उतरलं होतं, बंद पाळला होता. आधी हायकोर्टाच्या देखरेखीत चाचणी झाली, मग बाकीचा जूनअखेर जाळून संपवला. १९८४ सालच्या गोष्टीचा कचरा चाळीस वर्षं कुणाच्या दारात ठेवायचा यावरच भांडण चाललं. त्या वेळीही भोपाळमधल्या कुणीतरी म्हटलं असेलच की कंपाउंडच्या आत पडलाय, पडू दे.

तुम्ही "ओता" म्हणता ते तुमच्या मोरीपर्यंतच बघून म्हणता. आणि हेही सांगतो, तुमचा सुका गाळसुद्धा नीट दिला तर शेवटी आमच्याच बाजूच्या घातक कचऱ्याच्या केंद्राकडे येणार. तरी मी म्हणतो द्या, पण नाव लिहून, सुकवून, बंद डब्यात द्या. मिसळलेल्या कचऱ्यात दडवून देऊ नका.

घाटाखालचा
तुमचा मुद्दा मान्य. कारखान्यांबद्दलचा माझाही कायम आहे.

पिथमपूरवाला
तो माझाही आहे भाऊ.

सुदामानगरकर
वा, झोपून उठेपर्यंत धागा कुठल्या कुठे. आता कृपा करून कोणी प्रत्यक्ष कृती सांगेल का? ताई, तुम्हीच. सोडा किती, कुठला, कशात?

परीक्षानळी
सांगते. प्लॅस्टिकची बादली घ्या, लोखंडी किंवा जस्ताची अजिबात नको, आणि पाणी घालून जेवढं द्रावण होईल त्याहून बरीच मोठी घ्या. गच्चीवर किंवा अंगणात बसा, डोळ्यांना चष्मा, हातात रबरी मोजे. फरशी कोटाची किंवा संगमरवराची असेल तर खाली जुनं फ्लेक्स बॅनर अंथरा, नाहीतर पिवळा डाग घर विकेपर्यंत राहील.

सोडा धुण्याचा, म्हणजे सोडा ऍशची पूड. खाण्याच्या सोड्यानेही होतं, पण तो दीडपटीहून जास्त लागतो आणि महागही. ढोबळ मानाने, मुळात जितकं कोरडं फेरिक क्लोराईड विरघळवलं होतं जवळजवळ तितक्याच वजनाचा कोरडा सोडा लागतो. बाजारात खड्यांचा सोडा मिळतो त्यात पाणी असतं, तो बराच जास्त घ्यावा लागेल. द्रावणात आधी चारपट पाणी घाला, मग सोडा चमच्याचमच्याने. एकदम ओतलात तर कार्बन डायऑक्साईडचा फेस सगळा तुमच्या पायावर. फेस बसला की पुढचा चमचा.

आधी हिरवट-काळपट लगदा दिसेल, ढवळून हवेत ठेवला की वरून गंजासारखा तपकिरी होत जातो. पीएच पेपर (आम्लता दाखवणारा रंगीत कागद) आठ-नऊच्या मधला रंग दाखवेपर्यंत घालत राहा. सातला थांबलात तर तांबं आणि फेरस पूर्ण बसत नाही. उत्साहात कॉस्टिक सोडा घेऊ नका, तो भाजतो आणि अंदाज लगेच चुकतो. अमोनियाचं फरशी पुसायचं काहीही त्यात जाऊ देऊ नका, अमोनियाने बसलेलं तांबं पुन्हा विरघळतं आणि पाणी गडद निळं होतं. निळं दिसलं की समजा गडबड आहे.

रात्रभर ठेवा. वरचं नितळ पाणी हळूच काढा, खालचा लगदा जुन्या सुती धोतराच्या दोन घड्यांतून गाळा. धीर लागतो, तो लगदा जेलीसारखा असतो, पिळायला जाऊ नका. मग नितळ पाण्यात कानसीने घासून चकचकीत केलेला साधा लोखंडी खिळा पंधरा मिनिटं ठेवा. जस्ताचा मुलामा असलेला नको. तांबूस छटा आली तर अजून सोडा आणि पुन्हा गाळणं. नाही आली तर ते खारट पाणी भरपूर पाण्यासोबत मोरीत जाऊ द्या. झाडांना नको, मीठ आहे. खिळ्याची परीक्षा ढोबळ आहे, एक-दोन मिलिग्रॅम ती दाखवेलच असं नाही. फार सूक्ष्म हवं असेल तर पाणी तपासायचे तांब्याचे किट मिळतात.

लगदा प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये उन्हात वाळू द्या, पावसापासून वाचवून. कॅनभर पाण्याचा डबाभर गाळ होतो, आणि द्यायचा असतो तो हा गाळ.

टोनरवीर
तो गाडीवाला घेईल का? पातळ नाही म्हणाला होता.

राजवाडा_रिटर्न्स
इंदूरच्या गाड्यांत कचरा सहा प्रकारांत घेतात: ओला, सुका, प्लॅस्टिक, सॅनिटरी, ई-कचरा आणि घरगुती घातक. शेवटच्या कप्प्यात पेंटचे डबे, ट्यूबलाईट, जुनी औषधं, बॅटऱ्या जातात. वाळलेला गाळ बंद डब्यात, वर "तांब्याचा रासायनिक गाळ" असं हिंदीत ठळक लिहून, त्या कप्प्यात द्या आणि देताना तोंडाने सांगा. नुसता काळ्या पिशवीत बांधून दिलात तर पुढे कुणीतरी हाताने उघडणार. घनकचरा नियम २०१६ मध्येच दर वीस चौरस किलोमीटरला घरगुती घातक कचऱ्याचं एक संकलन केंद्र सांगितलं होतं, तेव्हा गाडीवर जमलं नाही तर झोन कार्यालयात तेच विचारा.

शेव_परमल
एवढ्या खटाटोपात माझा पहिला सल्ला पुन्हा वाचावा ही विनंती.

भंगारप्रेमी
शेवभाऊ, कंपनीचा बोर्ड काय हवेत खोदला जातो? त्यांचंही तांबं पाण्यात उतरतंच. फक्त ते एवढं असतं की परत काढून विकणं त्यांना परवडतं. त्यामुळे नेहमीच्या, चार-पाच नग लागणाऱ्या डिझाईनला मागवणंच बरं, हे मलाही पटतं. रात्री सुचलेलं सकाळी चालवून बघायचं असेल तर घरी. आणि एकच रेझिस्टर-एलईडी जोडायला लोक खोदायला बसतात, त्यांना व्हेरोबोर्ड (तयार भोकांचा, तांब्याच्या पट्ट्यांचा बोर्ड) भेट द्या.

परीक्षानळी
आणि खोदताना मोकळी जागा तांब्यानेच भरून ठेवा. ग्राउंड प्लेन म्हणून, म्हणजे सर्किटची सामाईक 'ग्राउंड' जोडणी म्हणून, कामाला येतं, द्रावणही जास्त टिकतं. विद्यार्थी बारीक रेघा ठेवून अख्खा बोर्ड नागडा करतात, त्यात शोभा काय ते मला कधी कळलं नाही.

खटपट्या
हे आवडलं. उद्यापासून माझे सगळे बोर्ड ताम्रपट.

सुदामानगरकर
ताई, लेक, राजवाडा, सगळ्यांचे आभार. रविवारी एका कॅनवर करून बघतो, दुसरा तसाच ठेवतो. एकच अडलंय. पीएच पेपर कुठे मिळेल? औषधाच्या दुकानात विचारलं तर त्याने मला साखरेच्या पट्ट्या दाखवल्या.

निफाडची_लेक
शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात. आणि एक ते चौदावाला मागा, नुसता लाल-निळा लिटमस दिला तर घेऊ नका.

चष्मेबहाद्दर
माझ्याकडे आख्खं पुस्तक पडून आहे, फिशटँकसाठी आणलं होतं. तिलकनगरला राहतो, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. येताना माझी पलंगाखालची बरणीही घेऊन जा, तुमच्या बादलीत माझंही होऊन जाईल.

सुदामानगरकर
पेपर घेतो. बरणीत नक्की काय आहे ते आधी सांगा, पेरॉक्साईडवालं असेल तर एकत्र करणार नाही.